चष्म्याचा नंबर आणि लेसरचा उपचार

अकोल्याहून वाशिमकडे जाणाऱ्या मार्गावर मालेगाव हे तालुक्याचे गाव लागते. नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागांच्या मालेगावाशी गल्लत होऊ नये म्हणून याला मालेगाव जहाँगीर असेही म्हणतात. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला आणि हा तालुका नव्या जिल्ह्यात समाविष्ट झाला. सोयाबीन व तूर ही येथील मुख्य पिके. विदर्भातील इतर कोरडवाहू तालुक्यांप्रमाणे येथीलही अनेक तरुणांचे लक्ष पोलीस भरती आणि सैन्यभरतीकडे लागलेले असते. धावण्याचा व गोळाफेकीचा सराव वर्षभर चालतो. डोळ्यांचा विचार मात्र वैद्यकीय तपासणीची तारीख जवळ आली म्हणजे सुरू होतो. मग 'लेसर मारून घेतले की नंबर जातो' असे कोणीतरी सांगतो, शहरातील एखाद्या रुग्णालयाचे पत्रक हाती पडते आणि घरात पैशांची जुळवाजुळव सुरू होते.

अशा वेळी हा तरुण किंवा त्याचे वडील सल्ल्यासाठी ज्यांच्याकडे जातात ते बहुधा शाळेतील गुरुजी, ग्रामपंचायतीचे सदस्य अथवा ओळखीचे एखादे शासकीय कर्मचारी असतात. ही मंडळी डॉक्टर नसतात आणि त्यांनी डॉक्टर होण्याची आवश्यकताही नाही. परंतु लेसर कशासाठी, कोणाला आणि कोणत्या मर्यादेपर्यंत, एवढे त्यांना ठाऊक असेल तर एखाद्या कुटुंबाचा खर्च वाचेल आणि क्वचित एखाद्याचा डोळाही वाचेल. त्या दृष्टीने हा विषय येथे मांडला आहे.

एक शब्द, निरनिराळी कामे

ग्रामीण भागात 'लेसरचे ऑपरेशन' हा शब्द सरसकट वापरला जातो. वस्तुतः नेत्रचिकित्सेत लेसरची कामे एकमेकांपासून अगदी भिन्न आहेत. मधुमेहामुळे दृष्टिपटलावर नाजूक व दूषित रक्तवाहिन्या वाढू लागतात, तेव्हा लेसरने तेथे बारीक डाग देतात. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासाने या उपचारामुळे दृष्टी गंभीररीत्या जाण्याचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो हे दाखवून दिले. मात्र या उपचाराने गेलेली दृष्टी परत येत नाही, उरलेली टिकते. मधुमेही रुग्णाने तो केवळ 'फरक पडला नाही' म्हणून अर्धवट सोडू नये, याचे कारण हेच.

दुसरा प्रकार मोतीबिंदूचा, आणि गैरसमज सर्वांत अधिक येथेच आहे. मोतीबिंदू लेसरने 'जाळतात' असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. ज्याला फेको म्हणतात त्या पद्धतीत गढूळ झालेले भिंग ध्वन्यातीत लहरींनी फोडून शोषून घेतात. ही पद्धत अमेरिकेतील चार्ल्स केलमन यांनी १९६७ साली प्रथम वापरली. लहान छेदातून भिंग अखंड काढून कृत्रिम भिंग बसविण्याची दुसरी पद्धत शासकीय रुग्णालयांत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते आणि तिचे परिणामही चांगले आहेत. काही मोठ्या खाजगी रुग्णालयांत मोतीबिंदूचे आरंभीचे छेद लेसरने घेतात खरे, पण त्यावाचून शस्त्रक्रिया अपुरी राहते असे मुळीच नाही. 'साधे नको, लेसरचेच करा' असा आग्रह धरून घरातील वृद्धांची मोफत होणारी शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणे हा शुद्ध तोटा होय. मोतीबिंदू काढल्यानंतर काही महिन्यांनी वा वर्षांनी कृत्रिम भिंगामागील पातळ पडदा धूसर होतो, तो मात्र लेसरने काही मिनिटांत मोकळा करतात. 'लेसरने मोतीबिंदू काढला' या समजुतीचे मूळ बहुधा येथे असावे.

महाराष्ट्रात मोतीबिंदूच्या कामाची परंपरा मोठी आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. पुढे १९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत राबविलेल्या मोतीबिंदू प्रकल्पात महाराष्ट्राचा समावेश होता, आणि तंबूतील शिबिरांऐवजी रुग्णालयात आणून कृत्रिम भिंग बसविण्याची रीत या काळात रुजली. मुंबईच्या सर ज. जी. रुग्णालयातील डॉ. तात्याराव लहाने यांनी एक लाखाहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रिया केल्या. वरोऱ्याच्या आनंदवनातील त्यांची शिबिरे विदर्भाला परिचित आहेत. हे सर्व कार्य मोतीबिंदूचे आहे, चष्म्याचा नंबर घालविण्याचे नव्हे, हे येथे मुद्दाम सांगावयाचे. तरुणांच्या मनात असलेला लेसर तिसराच आहे.

नंबर येतो कोठून

इयत्ता दहावीच्या विज्ञानातील 'भिंगे व त्यांचे उपयोग' हा पाठ शिक्षकांच्या परिचयाचा आहे. नेत्रगोल प्रमाणापेक्षा लांब असला किंवा पुढील पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, अधिक वक्र असले तर दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते. ही निकटदृष्टिता, बोलीभाषेतील 'मायनस नंबर'. नेत्रगोल आखूड असल्यास दूरदृष्टिता, आणि पारपटलाची वक्रता सर्व दिशांनी सारखी नसल्यास अबिंदुकता, जिला चष्म्याच्या चिठ्ठीवर सिलिंडर म्हणतात. चाळिशीनंतर जवळचे वाचण्यास लागणारा चष्मा या तिन्हींहून वेगळा. तो डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी झाल्यामुळे लागतो.

डोळ्याच्या एकूण प्रकाशशक्तीपैकी सुमारे दोनतृतीयांश शक्ती पारपटलाची असते. म्हणून त्याचा आकार किंचित बदलला तर नंबर बदलतो. ही कल्पना जुनी आहे. जपानमध्ये डॉ. सातो यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस व पुढे पारपटलावर आतून छेद देऊन निकटदृष्टिता कमी करण्याचा प्रयत्न केला. रुग्णांना प्रारंभी चांगले दिसू लागले. परंतु आतील पेशींचा थर दुखावल्यामुळे पुढे अनेक वर्षांनी त्यांपैकी पुष्कळांची पारपटले पांढरी पडली. मॉस्कोच्या डॉ. फ्योदोरोव यांनी सत्तरीच्या दशकात बाहेरून अरीय छेद देण्याची पद्धत प्रचारात आणली. ती बरीच गाजली. तथापि अमेरिकेत अशा रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा केला असता ४३ टक्के डोळ्यांत नंबर एक डायॉप्टर वा त्याहून अधिक दूरदृष्टितेकडे सरकल्याचे आढळले. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी काय दिसते यावर डोळ्याच्या शस्त्रक्रियेची परीक्षा करू नये, एवढा धडा या दोन प्रयोगांतून जगाने घेतला.

लेसरचा शोध या कामी उपयोगी पडला त्याची कथा मनोरंजक आहे. मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे न्यूयॉर्क राज्यातील आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत. १९८१ च्या नोव्हेंबरात सणाच्या मेजवानीतून उरलेले टर्की पक्ष्याचे हाड व कूर्चा त्यांनी प्रयोगशाळेत आणली आणि एक्सायमर लेसरचा झोत त्यावर टाकला. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचे हे जंबुपार किरण ऊतीला भाजत नाहीत; रेणूंमधील बंध तोडून अतिशय पातळ थर अलगद काढतात व शेजारचा भाग जवळजवळ जसाच्या तसा राहतो. श्रीनिवासन व त्यांचे सहकारी वाइन आणि ब्लम यांना या कार्याबद्दल अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक २०१३ साली राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते प्रदान करण्यात आले. दृष्टी शाबूत असलेल्या मानवी डोळ्यावर हा लेसर १९८८ साली डॉ. मार्गेरिट मॅक्डोनाल्ड यांनी प्रथम वापरला.

आज उपलब्ध असलेल्या पद्धती

सर्वांत जुनी पद्धत पीआरके. पारपटलावरील नाजूक त्वचेचा थर काढून खालील भागावर लेसरने आकार देतात. तीन-चार दिवस डोळ्यात वेदना व पाणी असते, वरून पट्टीसारखी एक मऊ लेन्स ठेवतात आणि दृष्टी पूर्ण स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. त्रास अधिक असला तरी पारपटलावर पापुद्रा कापला जात नाही. कुस्ती, कबड्डी किंवा ज्यात डोळ्यावर मार बसण्याचा संभव असतो अशा कामांतील व्यक्तींसाठी, तसेच पारपटल काहीसे पातळ असणाऱ्यांसाठी डॉक्टर अनेकदा हीच पद्धत सुचवितात.

लॅसिक हे नाव सर्वांच्या तोंडी आहे. १९९० च्या सुमारास ग्रीसमधील क्रीट बेटावरील डॉ. पल्लिकारिस यांनी ही पद्धत विकसित केली. त्वचेसह पारपटलाचा पातळ पापुद्रा कापून पुस्तकाच्या पानासारखा उलटवितात, खालील भागाला लेसरने आकार देतात व पापुद्रा पुन्हा जागेवर बसवितात. वेदना अल्प, आणि दुसऱ्याच दिवशी बहुतेकांना स्पष्ट दिसते. पूर्वी हा पापुद्रा यांत्रिक पात्याने कापीत. आता अनेक ठिकाणी फेम्टोसेकंद लेसरने कापतात. अशा अतिसूक्ष्म कालावधीच्या तीव्र झोतांची वाट ज्यांच्या शोधाने मोकळी झाली त्या डॉना स्ट्रिकलंड व झेरार मुरू यांना २०१८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

स्माईल ही त्यानंतरची पद्धत. हिच्यात पापुद्रा उघडत नाहीत. पारपटलाच्या आतच लेसरने भिंगाच्या आकाराचा पातळ तुकडा सुटा करून तो दोन ते चार मिलीमीटरच्या छेदातून बाहेर काढतात. ती मुख्यतः निकटदृष्टिता व तिच्यासोबतच्या सिलिंडरसाठी आहे. नंबर फार मोठा असेल किंवा पारपटल पातळ असेल, तर नैसर्गिक भिंग न काढता त्याच्या पुढे एक पातळ कृत्रिम भिंग बसविण्याचाही पर्याय आहे. त्यात लेसरचा संबंध नाही.

पत्रकात नव्या पद्धतीचे नाव मोठ्या अक्षरांत असते. ज्याच्या डोळ्याला जी योग्य ती चांगली. नवी म्हणून चांगली असे येथे चालत नाही.

मायक्रॉनचा हिशेब

कोणाला ही शस्त्रक्रिया करता येते व कोणाला नाही, हे साध्या वजाबाकीने समजू शकते. शिक्षकांनी फळ्यावर करून दाखवावी इतकी ती सोपी आहे. पारपटलाची मध्यभागी जाडी सर्वसाधारणपणे ५२० ते ५५० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलीमीटरहून थोडी अधिक असते. लॅसिकचा पापुद्रा सुमारे ११० मायक्रॉनचा. एक डायॉप्टर नंबर घालविण्यास अंदाजे १२ ते १५ मायक्रॉन थर काढावा लागतो. आणि पापुद्र्याखाली शेवटी किमान २५० मायक्रॉन जाडी शिल्लक राहिलीच पाहिजे. बरेच डॉक्टर याहून अधिक राखतात.

आता दोन तरुण घ्या. पहिल्याचे पारपटल ५४० मायक्रॉन व नंबर उणे ४. पापुद्र्याचे ११० आणि लेसरचे ६० वजा केल्यास ३७० उरतात. दुसऱ्याचे पारपटल ४७० व नंबर उणे ८. त्यातून ११० व १२० गेले की उरले २४०. पहिल्याला लॅसिक शक्य आहे. दुसऱ्याने तिचा नाद सोडावा. दोघेही एकाच गावचे, एकाच तालमीतले असू शकतात, आणि पहिल्याचे पाहून दुसऱ्याने हट्ट धरणे स्वाभाविक आहे. पारपटल प्रमाणाबाहेर पातळ झाले तर डोळ्याच्या आतील दाबाने ते पुढे फुगू लागते आणि दृष्टी कायमची बिघडते.

केवळ जाडी पुरेशी असूनही भागत नाही. काही तरुणांत पारपटल आपोआप शंकूसारखे होऊ लागते. सतत डोळे चोळण्याची सवय, वर्षा-सहा महिन्यांत बदलणारा सिलिंडर नंबर ही त्याची लक्षणे. अशा डोळ्यावर लॅसिक केल्यास विकार झपाट्याने वाढतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी पारपटलाचा नकाशा काढणारी तपासणी अनिवार्य मानली जाते. ही तपासणी न करता तारीख देणाऱ्या ठिकाणाहून उठून यावे, असे लेखकाचे स्पष्ट मत आहे.

वय किमान अठरा पूर्ण असावे व मागील एक वर्ष नंबर स्थिर असावा, ही दुसरी अट. नेत्रगोलाची वाढ चालू असता नंबर घालविला तर तो पुन्हा येतो. गरोदर व स्तनदा मातांनी ही शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. डोळे कोरडे असणाऱ्यांना शस्त्रक्रियेनंतर कोरडेपणाचा त्रास काही महिने अधिक होतो. रात्री समोरच्या वाहनाच्या दिव्याभोवती वलये दिसणे हीदेखील नेहमीची तक्रार होय. रात्री मालवाहू गाडी चालविणाऱ्याने ही गोष्ट डॉक्टरांशी आधी बोलावी.

भरतीची अट आणि लग्नाची घाई

भरतीसाठी शस्त्रक्रिया करणाऱ्याने आधी जाहिरातीतील वैद्यकीय निकष वाचावेत. नियम सर्वत्र सारखे नाहीत. संरक्षण दलांच्या अधिकारीपदाच्या काही प्रवेशमार्गांत वयाच्या विसाव्या वर्षानंतर केलेली लेसर शस्त्रक्रिया चालते. पण ती होऊन किमान एक वर्ष लोटलेले असावे आणि पारपटलाची जाडी, नेत्रगोलाची लांबी व उरलेला नंबर ठराविक मर्यादेत असावा, अशा अटी असतात. इतर काही प्रवेशमार्गांत हीच शस्त्रक्रिया अपात्रतेचे कारण ठरते. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदासाठी लॅसिक केलेला उमेदवार अपात्र असल्याचे अलीकडच्या जाहिरातींत नमूद असते. शस्त्रक्रिया लपविता येत नाही. पारपटलाच्या नकाशात ती दिसते. अर्थात, जो तरुण चष्म्यासह पात्र ठरला असता तोच लेसर करून अपात्र ठरण्याची शक्यता आहे. भरतीच्या आदल्या महिन्यात केलेली शस्त्रक्रिया तर बहुधा कोठेच उपयोगी पडत नाही.

मुलींच्या बाबतीत कारण निराळे. चष्मा असलेली मुलगी नाकारली जाईल या भीतीने आईवडील मुलीला लहानपणी चष्माच लावू देत नाहीत आणि 'मोठी झाली की लेसर करू' अशी समजूत घालतात. यात जी हानी होते ती कोणताही लेसर भरून काढू शकत नाही. बालपणी, विशेषतः पहिल्या सात-आठ वर्षांत, डोळ्याकडून मेंदूला स्पष्ट प्रतिमा गेली नाही तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करण्यास शिकतो. असा आळशी झालेला डोळा पुढे लेसरने नंबर शून्य केला तरी अस्पष्टच पाहतो. वेळेवर लावलेला चष्मा हाच त्यावरील उपाय होय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत व अंगणवाड्यांत तपासणीस येतात आणि अंधत्व नियंत्रण कार्यक्रमांतर्गत गरजू विद्यार्थ्यांना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. पथक येईपर्यंत वाट पाहण्याचेही कारण नाही. सहा मीटर अंतरावर तक्ता लावून, एकेक डोळा झाकून मुलांना अक्षरे वाचावयास लावणे शिक्षकांना सहज शक्य आहे. फळ्यावरील मजकूर शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणारा मुलगा 'ढ' नसून निकटदृष्टी असू शकतो.

खर्च आणि तपासणीची तयारी

नंबर घालविण्याची शस्त्रक्रिया ही बहुतांशी सोयीची शस्त्रक्रिया मानली जाते. मोतीबिंदूप्रमाणे ती राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत होत नाही. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी नंबर घालविण्याचा खर्च वगळलेला असतो. म्हणजे उणे तीन नंबरच्या तरुणाने विम्याच्या भरवशावर राहू नये. उसनवारी किंवा सोयाबीनच्या पैशांतून हा खर्च करण्यापूर्वी त्याने एवढे ध्यानात घ्यावे की चष्म्याने त्याला आजही पूर्ण दिसते, आणि चाळिशीनंतर वाचनाचा चष्मा लेसर केलेल्यालाही लागतोच. शिवाय मोठ्या नंबरच्या डोळ्याचे दृष्टिपटल मुळातच ताणलेले असते. नंबर शून्य झाला तरी ते तसेच राहते. डोळ्यापुढे अचानक प्रकाशाच्या चमका किंवा काळे ठिपके दिसू लागल्यास लेसर केलेल्या व्यक्तीनेही तत्काळ नेत्रतज्ज्ञ गाठावा.

निर्णय झालाच असेल तर प्रथम वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डोळे तपासून नंबराची व दृष्टिपटलाची स्थिती नोंदवून घ्यावी आणि तो कागद घेऊन पुढे जावे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मऊ लेन्स एक ते दोन आठवडे व कडक लेन्स तीन ते चार आठवडे आधी बंद करावी. अन्यथा पारपटलाचा आकार दबलेला राहतो व मापे चुकतात. तपासणीत बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, त्यामुळे काही तास जवळचे धूसर दिसते व ऊन सहन होत नाही. मोटारसायकलने एकट्याने जाऊ नये, सोबत कोणी न्यावे. आणि घरातील जुन्या चष्म्यांच्या चिठ्ठ्या, कितीही मळलेल्या असल्या तरी, बरोबर घ्याव्यात. नंबर स्थिर आहे की नाही हे डॉक्टरांना त्यांवरील तारखांवरून ठरवावयाचे असते.